शेवटच्या जांगिरीची किंमत

तांदळाला रेशनचं कार्ड लागलं आणि माझा धंदा बसला. लग्नात किती पानं वाढायची ते आता सरकार ठरवतं, साखरेसाठी तालुका कचेरीत ओळखी काढाव्या लागतात, आणि मूठभर माणसांची पंगत वाढायला सेतुराव कशाला हवा? ती कुणाची आत्याही वाढेल. तेव्हा घरी बसलोय. घरी बसलेल्या माणसाला लोक दोनच सल्ले देतात. देवळात जात जा, नाहीतर आठवणी लिही. देवळात मी जन्मभर स्वयंपाकघराच्या दारानं गेलो, पुढच्या दाराची सवय नाही. म्हणून हे लिहितोय.

मी कुंभकोणमचा. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या मागोमाग इकडे आले. पुढे राज्य गेलं, इंग्रज आले, आम्ही आपले होतो तिथेच राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याकडचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात, पणजोबांशी बोलल्यासारखं वाटतं म्हणे. संपादकांनी माझी भाषा त्यांच्या वळणावर आणली आहे. तरी कुठे दाताखाली खडा आला, तर तो माझा समजावा.

मी आचारी नव्हे, हे आधी सांगतो, कारण सगळे तीच चूक करतात. आचारी चुलीपाशी. माझं काम चुलीपासून पानापर्यंत. काय आधी वाढायचं, किती वाढायचं, कुठला वाढपी कुठल्या ओळीत सोडायचा, कुठे थांबायचं, हे मी बघायचो. लोकांना वाटतं यात काय मोठंसं, पळी उचलली की झालं. त्यांनी एकदा हजार माणसांच्या पंगतीत उभं राहून बघावं. अर्ध्या तासात घाम फुटेल.

या धंद्याचं मर्म एकाच गोष्टीत आहे. पहिली पळी माणूस भुकेसाठी खातो. दुसरी चवीसाठी. तिसरी यजमानाचा मान राखायला. चौथी पानावर राहते आणि गाईच्या पोटात जाते. पळी तीच, तूप तेच, पातेलं तेच. पण पहिलीची आणि चौथीची किंमत एक नाही. हे ज्याला कळलं तो थोडक्यात मोठी पंगत उठवतो. ज्याला कळत नाही त्याचं भांडार भरलेलं असूनही लोक नावं ठेवतात.

पापनाशमला एक मिरासदार होते. जमीन दृष्टी पोचेल तिथवर, आणि हात असा आखडता की काय सांगावं! मुलाच्या मुंजीत मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "सेतुराव, तूप अर्ध्यावर आणा. पण कुणाला कळता कामा नये."

"बरं," म्हटलं.

पंगत बसली तेव्हा ते अर्धं तूप सगळंच्या सगळं मी पहिल्या वरणभातावर सोडलं. मोकळ्या हातानं, वाटीच्या वाटी, कढत. लोक भुकेले होते, तुपाचा वास सुटला, बोटं चाटायला लागले. पुढे सांबारभातावर तूप नाही, सारभातावर नाही, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. उठताना म्हणत होते, मिरासदारांनी तूप पाण्यासारखं वाढलं. मिरासदार खूश. मला काय, मी त्यांचा उरलेला डबा त्यांच्याच स्वाधीन केला. एरवी तेच तूप सगळ्या भातांवर थेंब थेंब वाढलं असतं, तर चिक्कू म्हणून गावभर झालं असतं.

उलटं उदाहरण गोविंदपुरमचं. तिथे भजनाचा उत्सव असतो. सकाळपासून टाळ कुटून लोकांचे आवाज बसलेले, ऊन डोक्यावर आलेलं. त्यांना मी नुसता दहीभात वाढला, वर आल्याचा एक तुकडा. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो! तोच दहीभात मी दुसऱ्या आठवड्यात एका वकिलाच्या बारशात पाच पक्वान्नांच्या शेवटी वाढला, तर लोक बोटानं बाजूला सारत होते. दहीभात काही बिघडला नव्हता.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी शिष्यांनाही उशिरा शिकवायचो. भूक मरते ती त्या त्या पदार्थाची. गोडानं कंटाळलेली जीभ आंबटानं पुन्हा जागी होते. पाचवा लाडू नको म्हणणाऱ्याच्या पानावर लिंबाचं लोणचं टेकवा, तो सहावाही खातो. म्हणून जिथे उरलेलं संपवायचं तिथे लोणचं फिरवत राहायचं, आणि जिथे पुरवायचं तिथे लोणच्याचा सट लपवायचा. लोणचं हा पंगतीतला चोर आहे.

इथल्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे एक प्रोफेसर माझ्या पंगतीत जेवून गेले होते. त्यांना हे सांगितलं तर मांडी थोपटून हसले. विलायतेत यावर जाडजूड ग्रंथ आहेत म्हणाले, माणूस कुठलीही वस्तू घेताना तिच्या शेवटच्या नगाचा हिशेब करतो, म्हणून पाणी स्वस्त आणि हिरा महाग. मला बरं वाटलं. आपण करतो त्याला कुठेतरी नाव आहे हे कळलं की कुणालाही बरं वाटतं. नंतर ते मला रस्त्यात दिसले की हाका मारायचे, "काय सेतुराव, आज काय नवा सिद्धांत?"

माझा सगळ्यात मोठा सिद्धांत मी त्यांना सांगितला तो स्वामीरावांच्या मुलीच्या लग्नाचा.

स्वामीराव पोस्टात कारकून. सज्जन माणूस, कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच माफी मागेल असा. त्यांची मुलगी कावेरी. अंगानं काडी, पण डोळे असे की समोरच्यानं आधी आपलं धोतर नीट करावं. ती एसएसएलसीच्या, म्हणजे तुमच्याकडच्या मॅट्रिकच्या, वर्गात होती. आमच्या लोकांतली त्या वर्गापर्यंत गेलेली मुलगी तेव्हा विरळाच. तिला पुढे ट्रेनिंग घेऊन मास्तरीण व्हायचं होतं.

सोयरीक जमली ती वेल्लूरच्या बाजूच्या रघुपतरावांकडे. मोठे जमीनदार, आपल्यातलेच. मुलगा चांगला होता, वाईट म्हणणार नाही. पण बापासमोर तोंड उघडायची त्या घरात चाल नव्हती. लग्न ठरताना रघुपतराव म्हणाले होते, मुलगी परीक्षेपर्यंत माहेरी राहू दे, आमची हरकत नाही. लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी सूर बदलला. उद्याच्या गाडीनं सून घेऊन जाणार म्हणाले. परीक्षा कशाला, आमच्या घरी काय पत्रं वाचून दाखवायची आहेत?

स्वामीराव गयावया करत होते. तिकडे व्याहीभोजनाची पानं मांडली जात होती. मी खांबाआड उभा, ऐकू सगळं येत होतं.

आता रघुपतरावांची एक खोड सांगायला हवी. ते प्रत्येक लग्नात एक माणूस बरोबर आणत. त्याचं नाव वेंकोबा. दूरचा नातेवाईक, बायकामुलं नाहीत, जमीन नाही, रघुपतरावांच्या ओसरीवर राहायचा. त्याचं काम एकच, खाणं. यजमान थकेपर्यंत, पातेली खडखडेपर्यंत खायचं. यजमानानं हात टेकले की रघुपतराव मिशांवर ताव देत म्हणायचे, आमचा एक माणूस जेवून उठला नाही तोच तुमचं भांडार आटलं! आपल्यात आग्रहाची रीत. वाढताना "वाढू का" असं विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे चिक्कूपणा. पाहुणा पानावर हात धरेपर्यंत वाढतच राहायचं. या रीतीवर तो माणूस पोसला होता म्हणा, किंवा ही रीत त्याच्यावर.

स्वामीरावांनी फारच काकुळतीला येऊन विनवलं तेव्हा रघुपतराव सगळ्यांदेखत हसले.

"असं करू या व्याही. आज जांगिरी आहे ना? आमच्या वेंकोबानं आपण होऊन पानावर हात धरला, तर तुमची मुलगी परीक्षेपर्यंत इथे. तुम्ही संपलं म्हणालात, तर उद्या आमच्याबरोबर."

पाहुणे हसले. थट्टा म्हणून सुरू झालं, पण चारचौघांत बोललेला शब्द, मागे कोण घेणार? स्वामीरावांच्या तोंडून होकारही निघाला नाही आणि नकारही. मला संताप आला. अहो, जांगिरी म्हणजे उडदाची जिलबी. पोरीचं आयुष्य ते, पिठाच्या वळ्यांवर लावायला निघाले!

स्वामीराव स्वयंपाकघरात आले. चेहरा पांढराफटक.

"सेतुमामा, पुरतील का?"

मी पराती बघितल्या. होत्या तेवढ्या जांगिऱ्यांतच पंगतीतल्या बाकीच्यांना वाढायचं होतं, आणि मागून बायकांची पंगत. पीठ संपलेलं. चूल पेटती होती, पण कढईत सोडायला काही नव्हतं.

"पुरवायचा प्रश्नच नाही," म्हटलं. "त्याला पुरे कधी होईल एवढंच बघायचं. तुम्ही बाहेर बसा आणि हसत राहा."

कावेरी दारात उभी होती. नव्या नवरीनं तिथे यायचं नव्हतं, पण तिला कोण सांगणार.

"मामा, माझी परीक्षा जांगिरीवर?"

"हो बाई. तू आत जा."

ती गेली नाही.

वेंकोबा बसला. माणूस धिप्पाड नव्हता, हे सांगितलं पाहिजे. मी राक्षस बघायच्या तयारीत होतो. हा साधा, गळ्याची हाडं दिसणारा, वयानं माझ्याच आसपासचा. बसताना त्यानं पान पाण्यानं नीट पुसलं, मीठ कुठे आहे बघितलं, लोणचं कुठे आहे बघितलं. मी मनात म्हटलं, आला, माणूस धंद्यातला आहे.

माझा बेत ठरला होता. आधी वरणभात, तूप ओतून. पोट तिथेच भरायचं. मी स्वतः वाढायला गेलो. त्यानं चिमूटभर भात घेतला आणि बाकीचा बोटानं कडेला सारला. माझ्याकडे बघून हसला. सांबारभातालाही तेच.

मग जांगिरी. पहिली वाढ त्यानं अशी खाल्ली की बघणाऱ्याला भूक लागावी. मी कढईजवळच्या गरम गरम काढून दिल्या, पाकानं जड झालेल्या, कारण गरम गोड लवकर उबग आणतं. दुसरी वाढ. तिसरी. पंगतीत बोलणं थांबलं. बाकीच्यांनी केव्हाच हात आवरले होते, सगळे मान वळवून बसलेले. रघुपतराव मिशांवर बोट फिरवत होते.

मग त्याला जरा धाप लागली. मी ओळखलं, आता जीभ मेली. आणि त्याच वेळी तो म्हणाला, "लोणचं बघू जरा. लिंबाचं."

नाही म्हणता येईना, मागितलेलं द्यायलाच हवं. मी आत जाऊन लोणचं आणलं, पण गुळातलं. मुरलेलं, काकवीसारखं गोड. त्यानं बोटाला लावून चाखलं, डोळे मिटले, आणि खांदे हलवून हसायला लागला. हसता हसता मला हळूच म्हणाला, "वा सेतुराव! हे मला अजून कुणी केलं नव्हतं."

तरी तो थांबला नाही. हळू झाला, पण खात राहिला. घास तोंडात टाकायचा, चावायचा, गिळायचा. तोंडावर चव म्हणून काही नव्हती. खड्डा भरणारा मजूर माती टाकतो तसं चाललं होतं. आत गेलो तर परातीचा तळ दिसत होता. बायकांच्या वाट्याच्या जांगिऱ्या कधीच गेल्या होत्या. स्वामीरावांची बायको भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून बसली होती.

व्याहीभोजनात नवरीनं एक फेर वाढायचा असतो. कावेरीनं उरलेल्या जांगिऱ्या तबकात घेतल्या. "आता मी जाते," म्हणाली. मी म्हटलं, "भरभर वाढ, त्याला दम खाऊ देऊ नकोस."

मी तिच्या मागोमाग होतो म्हणून मला ऐकू आलं, बाकी कुणाला नाही. ती वेंकोबापुढे वाकली. त्यानं खाली बघतच विचारलं, "कसली परीक्षा गं ती?"

"एसएसएलसीची."

"ती झाल्यावर काय होतं?"

"ट्रेनिंगला जाता येतं. मग शाळेत नोकरी."

"तुला कशाला नोकरी? घर मोठं आहे यांचं."

"मोठं आहे," ती म्हणाली. "पण मग जेवायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, काका."

वेंकोबानं मान वर केली. ती जांगिरी उचलून त्याच्या पानाशी नेऊन थांबली आणि म्हणाली, "वाढू का?"

अगं विचारतेस काय! सगळं आयुष्य मी पोरांना हेच शिकवलं, विचारायचं नाही, विचारलं की गेली अब्रू. रघुपतरावांच्या कानावर गेलं असतं तर तिथेच म्हणाले असते, यजमानाकडून हात आखडला, संपलं. मी तिला कोपर मारणार तेवढ्यात वेंकोबानं डावा हात आणला आणि पानावर धरला.

"नको, पोरी. पुरे."

काय कल्लोळ झाला! कुणी टाळ्या पिटतंय, कुणी मला मिठी मारतंय. स्वामीराव तिथेच मटकन खाली बसले. रघुपतरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मानी माणूस, सगळ्या जातभाईंसमोर दिलेला शब्द त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं वऱ्हाड सुनेवाचून गेलं.

पुढची कितीतरी वर्षं ही कथा मी माझ्या विजयाची म्हणून सांगितली. गरम पाक, वर तूप, आणि ऐन वेळी गूळलिंबू. जीभ मारली, माणूस पडला. मुंजीत सांगितली, बारशात सांगितली. प्रोफेसरांनी ती वर्गात सांगितली म्हणे, आणि मुलांना फळ्यावर उतरत जाणारी रेघ काढून दाखवली. कामं मिळायला लागली ती त्या कथेवर. पट्टीश्वरमच्या एका घरी तर मला बघूनच पाहुण्यांनी लोणचं परत केलं, एवढं माझं नाव झालं!

कार्डाचे दिवस यायच्या आधीच्या शेवटच्या मोठ्या उत्सवात, गोविंदपुरमला मी वाढप बघत होतो. सर्वांसाठी खुली पंगत. शेवटच्या ओळीत एक म्हातारा पान पाण्यानं नीट पुसत होता. पुसण्यावरून ओळखलं. वेंकोबा. अंगावर मांस उरलं नव्हतं, धोतर दोन ठिकाणी शिवलेलं.

मी त्याच्या शेजारीच बसलो. पंगत चालू असताना मी कधी बसलेलो नाही.

"ओळखलंत का?"

"गूळलिंबू," तो म्हणाला, आणि तसाच खांदे हलवून हसला.

रघुपतरावांनी त्याच प्रवासात त्याला विल्लुपुरम् स्टेशनवर उतरवलं होतं. हरलेला पैलवान कोण पोसतो? तेव्हापासून तो देवळांच्या पंगतींवर होता. आज इथे, उद्या तिथे. हे त्यानं तक्रारीसारखं सांगितलं नाही, गाड्यांच्या वेळा सांगाव्या तसं सांगितलं.

मला राहवलं नाही. धंद्यातल्या माणसाला धंद्यातल्यानं विचारावं तसं विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी काय भारी पडलं? तूप की पाक?"

"भारी कशाचं?" तो म्हणाला. "जागा होती, सेतुराव."

"म्हणजे?"

"तबकातल्या सगळ्या गेल्या असत्या. चव काय, ती मला तिसऱ्या वाढीनंतर कधीच लागत नसे. सवय होती. खायचं म्हणून खायचं."

आजूबाजूला वाढप चाललं होतं, पोरं भाताची भांडी घेऊन पळत होती, कुणीतरी मला हाक मारत होतं. मी उठलो नाही. इतकी वर्षं छाती पुढे काढून सांगितलेली कथा माझ्या मांडीवर येऊन पडली होती, आणि तिचं काय करावं ते सुचत नव्हतं.

"मग हात का धरलात?" शेवटी विचारलं. "तुमचा तर घास गेला त्यापायी. ओसरी गेली."

"तिनं विचारलं ना, वाढू का म्हणून." तो पानाकडे बघत होता. "माझ्या पानावर जन्मभर लोक वाढतच होते. हवं का, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, मला नकोय. आणि तिला ती परीक्षा हवीय."

मग चोरट्यासारखं इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "झाली का हो पास ती?"

त्याला ठाऊक नव्हतं! इतक्या वर्षांत, इतक्या गावांत, त्याला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

"झाली," मी म्हटलं. "पहिल्याच खेपेला झाली. ट्रेनिंग केलं. तंजावरला मुलींच्या शाळेत शिकवते. नवराही तिथेच आला राहायला, बापाचं घर सोडून. स्वतःच्या कमाईचं जेवते."

वेंकोबानं मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. भाताचं भांडं घेतलेला पोऱ्या समोर येऊन उभा होता, मला बसलेला बघून त्याला वाढायचं सुचत नव्हतं. वेंकोबानं पान दोन्ही हातांनी पुढे सरकवलं.

"मग वाढा," तो म्हणाला. "आज भूक आहे."